लाटण्यावरची पवनचक्की

आमच्या वन्संइतकी प्रामाणिक बाई अख्ख्या डहाणू तालुक्यात शोधून सापडायची नाही, आणि माझ्या घरातल्या निम्म्या वस्तू त्यांनीच लांबवल्या आहेत. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात करते आहे. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांनी लग्न केलं नाही, पस्तीस वर्षं खेड्यापाड्यांच्या शाळांतून विज्ञान शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या आणि आता मसोलीला दोन खोल्यांत एकट्या राहतात. त्यांच्या घरापासून आमचं घर चालत दहा मिनिटांवर. हे अंतर ज्याने कोणी ठरवलं, त्याने माझा विचार केलेला नाही. त्यांच्याकडे आमच्या घराची एक किल्ली असते. दिवसा मी माझ्या कचेरीत, हे स्टेशनवर तिकीट खिडकीत आणि वन्सं आमच्या स्वयंपाकघरात, अशी आमच्या संसाराची वाटणी आहे. बाकीच्या बायका कामावरून घरी आल्या की आधी चहा टाकतात. मी आधी गाळणं जागेवर आहे का ते बघते, कारण ते नसेल तर चहा टाकून उपयोग नसतो.

वन्संचा एक कायदा आहे. मुलांना शिकवायचं साधन घरातल्या वस्तूंचंच झालं पाहिजे. मागून आणलेलं चालेल, सापडलेलं चालेल, विकत आणलेलं चालणार नाही. ऐकायला फार थोर वाटतं हो हे. पण वन्संच्या स्वतःच्या घरात आहे काय? एक कॉट, एक शेगडी, चार भांडी आणि भिंतभर पुस्तकं. त्यामुळे ‘घरातलं’ याचा अर्थ माझं लग्न झाल्यापासून ‘आमच्या घरातलं’ असा होत आलेला आहे. माझ्या माहेरून आलेला थर्मास त्यांनी पहिल्याच वर्षी वर्गात नेऊन फोडला. आतली काच चकचकीत का असते ते मुलांना दाखवायचं होतं. परत आलं ते नुसतं झाकण. “अगं, चाळीस मुलांनी आत वाकून बघितलं,” असं त्यांनी मला इतक्या आनंदाने सांगितलं की मीच त्यांचं अभिनंदन करायला हवं होतं की काय असं मला क्षणभर वाटलं. कुकरची शिट्टी वाफ शिकवायला तलासरीपर्यंत जाऊन आली. पिठाच्या चाळणीच्या सावलीत एका अख्ख्या शाळेने सूर्यग्रहण बघितलं, आणि त्या दिवशी आम्ही कोंड्यासकट पोळ्या खाल्ल्या. मी यांच्याकडे तक्रार केली. यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “ताई आहे ती.” आमच्या घरात माझा प्रत्येक अर्ज याच तीन शब्दांनी निकालात निघतो.

बरं, दुसऱ्याच्या घरात हात घालणारं माणूस निदान गरीब स्वभावाचं तरी असावं. तेही नाही. वन्सं सतत संतापलेल्या असतात. स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात शाळेचे ‘प्रोजेक्ट’ तयार मिळतात. ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्की, सगळं थर्मोकोलचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दारात टांगलेलं. त्या दुकानावरून जाताना वन्संचा पाय आपोआप थांबतो. एकदा मी बरोबर होते. वन्संनी टांगलेल्या पवनचक्कीवर जोरात फुंकर मारली. ती फिरली नाही, पण तिचं एक पातं गळून खाली पडलं.

“ही फिरत नाही,” वन्सं दुकानदाराला म्हणाल्या.

“बेन, फिरवायची कशाला? मास्तरला दाखवायची, मार्क घ्यायचे,” दुकानदार शांतपणे म्हणाला. “आजकाल टाइम कोने छे?”

झालं. वन्संच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी अर्धा तास त्या भल्या माणसाला आधी मराठीत आणि मग, त्याला नीट लागावं म्हणून, गुजरातीत फैलावर घेतलं. खोटी पवनचक्की विकणं हे दुधात पाणी घालण्यापेक्षा वाईट का, हे समजून घ्यायला रिक्षावालेसुद्धा उतरून आले. मी बाजूला उभी राहून गळलेलं पातं थुंकी लावून परत चिकटवत होते. तिथून वन्सं तशाच रागात आमच्या घरी आल्या, तीन भांडी पाणी प्यायल्या आणि जाताना माझी कात्री घेऊन गेल्या.

निवृत्त झाल्यावर तर त्यांनी वाऱ्याचाच ध्यास घेतला. इतकी वर्षं विजेवर, वाफेवर आणि चुंबकावर त्यांचं लक्ष विभागलेलं असायचं. आता सगळा वेळ मोकळा, आणि डहाणूत फुकट काय मिळतं तर वारा. माझ्या नव्या उशीच्या अभ्र्याची तळची शिवण उसवून त्यांनी तो काठीला बांधला आणि वाऱ्याची दिशा बघायला समुद्रावर जाऊन उभ्या राहिल्या. फिरायला येणारे लोक त्यांना नमस्कार करून माझ्या अभ्र्याखालून जात होते. एकदा झाईला एका ओळखीच्या घरी बारशाला जायचं होतं, तर बसच्या खिडकीतून हात बाहेर काढून वन्संनी कागदाचं भिरभिरं धरलं.

“मावशी, हात आत घ्या,” कंडक्टर म्हणाला.

“आत घेतला तर ते फिरेल कसं?” वन्संनी त्यालाच विचारलं, आणि एका मिनिटात किती फेरे होतात ते मोजायला त्याच्याकडचं घड्याळ मागितलं. शेजारी मासळीची रिकामी टोपली घेऊन बसलेल्या बाईने मला हळूच विचारलं, “ह्या तुमच्या कोण?” मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, “कोणी नाही.” तेवढ्यात वन्सं मागे वळून सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, “अगं, नुसती बसलीयस काय? फेरे मोज!”

आता खऱ्या पवनचक्कीकडे येते. वन्संची पहिली नेमणूक आणि शेवटची नेमणूक एकाच शाळेत होती. तलासरीच्या पुढे आत एक पाडा आहे, तिथली आठवीपर्यंतची शाळा. निवृत्त झालेल्या माणसाचं शाळेत काही काम नसतं, हे वन्संना कोणी सांगितलं नसावं. त्या अधूनमधून पिशवी घेऊन तिथे जायच्या आणि रिकामा वर्ग दिसला की शिकवायला लागायच्या. मग कुठल्याशा संस्थेने शाळेला विज्ञानाची मोठी पेटी भेट दिली. पेटीत मोटर, दिवे, भिंगं, चुंबक सगळं होतं. मोडेल म्हणून ती पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. वन्संनी दर गुरुवारचा शेवटचा तास मागितला. ज्या हेडमास्तरांना नोकरीच्या पहिल्या वर्षी फळ्यावर सरळ रेघ मारायला वन्संनी शिकवलं होतं, ते सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, “बाई, आता पेटी आलीय. तुमच्या डबा-बाटल्या कशाला? बरं, तुमचं मन मोडत नाही. विज्ञान मेळाव्याला या, घरातल्या वस्तूंची पवनचक्की करून दाखवा. दिवा लागला तर गुरुवारचा तास तुमचा. नाही लागला, तर मग घरी आराम करा.”

हे सांगायला वन्सं आमच्याकडे आल्या, खुर्चीत बसल्या, चहा प्यायल्या आणि गेल्या. जाताना मी त्यांची पिशवी बघितली. रिकामी होती. माझं लग्न झाल्यापासून त्या आमच्या घरातून प्रथमच रिकाम्या हाताने गेल्या. रात्री मला नीट झोप लागली नाही. आराम करा म्हणे! वन्संना आराम करायला सांगणं म्हणजे मासळीला कोरड्यावर बसून हवा खा म्हणून सांगण्यासारखं आहे. त्या हेडमास्तरांचा मला असा राग आला होता की समोर असते तर मी रेघ मारायच्या पट्टीनेच त्यांचा समाचार घेतला असता.

ही माझी सहानुभूती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत टिकली. सहा वाजता मी पोळ्या करायला गेले तर लाटणं नव्हतं. साधंसुधं नव्हे, माझ्या आईचं शिसवी लाटणं. लोणच्याच्या बरणीवर झाकण नव्हतं, जळमटं काढायच्या झाडूचा बांबू नव्हता, नुसता झाडूचा झुबका कोपऱ्यात पडला होता. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमधलं तेल माझ्या हळदीकुंकवाच्या कळशीत ओतलेलं होतं. आणि दिवाळीची दिव्यांची माळ! त्यातला एकच तांबडा दिवा त्यांनी कापून नेला होता, पण तो गेल्यामुळे अर्धी माळ कायमची आंधळी झाली. मी तशीच कणकेच्या हातांनी मसोलीला गेले.

वन्सं जमिनीवर बसल्या होत्या. तेलाच्या कॅनची चार पाती कापून, शेगडीवर किंचित शेकवून, जराशी पिळून लोणच्याच्या झाकणाला बसवली होती. ते झाकण एका मोटरीच्या दांडीवर घट्ट दाबलं होतं, मोटर माझ्या टेपरेकॉर्डरची होती, आणि ती कुकरच्या जुन्या रिंगच्या पट्ट्यांनी माझ्या आईच्या लाटण्याच्या टोकाला करकचून बांधली होती. लाटण्याच्या दुसऱ्या टोकाला शेपूट म्हणून गेल्या वर्षीचं कॅलेंडर.

“टेप चालू होता माझा!” मी ओरडले.

“चालू होता म्हणूनच मोटर चांगली निघाली,” वन्सं म्हणाल्या. “पोळपाट नेलाय का मी? नाही ना. मग ओरडतेस काय? बाटलीने लाट. हे बघ, पाती वाऱ्याला अशी तिरकी लागतात, झाकण फिरतं, मोटर फिरते. मोटरीला वीज दिली की ती फिरते हे सगळ्यांना माहीत असतं. तिला आपण फिरवलं की ती आपल्याला वीज देते, हे मुलांच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे. ते कपाटात कुलूप लावून होत नाही.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “हा तास गेला तर मी काय करू गं?” असं म्हणाल्या. वन्संनी मला प्रश्न विचारला आणि उत्तर त्यांना माहीत नव्हतं, असं मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. मी घरी आले आणि बाटलीने पोळ्या लाटल्या. त्या गुजरातच्या नकाशासारख्या झाल्या. हे म्हणाले, “छान आहेत.”

मग पंधरा दिवस आमच्या गच्चीवर रोज चार वाजता प्रयोग चालला. चारला समुद्राकडून वारा सुटतो, भरपूर आणि एका जातीचा. घोलवडच्या एका वाडीवाल्याकडून मागून आणलेल्या चिकूच्या खोक्यात किनाऱ्यावरची रेती भरली, त्यात बांबू रोवला, बांबूवर लाटणं आडवं. पहिल्या दिवशी पवनचक्की वाऱ्याबरोबर गरगर वळत राहिली आणि दिव्याकडे जाणारी वायर बांबूला गुंडाळून तुटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी रविवार, म्हणून मीही गच्चीवर होते. वन्सं चिडल्या. “वारा येतो पश्चिमेकडून, मग हिला इकडेतिकडे बघायचंच काय कारण?” असं म्हणून त्यांनी कॅलेंडरचं शेपूट उपटून टाकलं, लाटणं दोन खिळे मारून बांबूवर पक्कं केलं, आणि बांबूवर खडूने बाण काढून ‘पश्चिम’ असं लिहिलं. आईच्या लाटण्यात खिळा जाताना मी तोंड फिरवून उभी राहिले. पण पवनचक्की मुकाट फिरायला लागली आणि तांबडा दिवा लागला. वन्संनी मला तो ओंजळीत धरून दाखवला. उजेडात तो गाजराच्या बीएवढाच दिसत होता. मी नाक मुरडून म्हटलं, “एवढ्याशा उजेडासाठी माझं घर लुटलंत?” पण म्हणताना मीही वाकूनच बघत होते.

मेळाव्याच्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. लाटण्यावर लक्ष ठेवायला, असं मी यांना सांगितलं. तलासरीच्या बसमध्ये खोकं आणि बांबू चढवताना कंडक्टरने सामानाचं तिकीट मागितलं, तर वन्संनी त्याला असं काही झापलं की त्याने स्वतः बांबूचं टोक धरून आम्हाला जागा करून दिली. पुढे पाड्यापर्यंत टमटम. शाळेचं मैदान सारवून, रांगोळी काढून तयार होतं, आणि मंडपात ती पेटी टेबलावर हार घालून ठेवली होती. बंद. वन्संनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि त्या सरळ मागच्या बाजूच्या स्वयंपाकाच्या शेडकडे गेल्या. तिथे पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बाई होत्या, पंचेचाळिशी उलटलेल्या, काटक, चुलीच्या धुरात डोळे बारीक करून ढवळत होत्या. “कशा आहात? बरं आहे ना?” वन्संनी विचारलं. मला नवल वाटलं. वन्सं हेडमास्तरांना अरे म्हणतात, बँकेच्या साहेबाला अरे म्हणतात, मलाही कधी अहो म्हटलेलं नाही. या खिचडीवाल्या बाईंना मात्र अहो, आणि तेही असं जपून, की जणू एखादी वडीलधारी बाई समोर आहे.

दहा वाजता वन्संचा नंबर आला. त्यांनी मैदानाच्या मधोमध खोकं ठेवलं, उन्हाकडे पाठ केली, आपली सावली बघितली, दोनदा हात सरळ करून दिशा तपासली आणि खडूचा बाण काटेकोर पश्चिमेला लावला. मुलं, शिक्षक, गावातली चार माणसं गोळा झाली. वाराही आला. थंडीच्या दिवसांतला तो सकाळचा कोरडा वारा, चांगला जोरात. पाती फिरायला लागली, भराभर फिरायला लागली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. वन्संनी ओंजळीत दिवा धरला, आणि त्यांचा चेहरा उतरला. दिवा लागला नव्हता. त्यांनी वायर तपासल्या, टोकं दातांनी सोलून पुन्हा पिळली, दिवा झटकला. पाती फिरतच होती. दिवा काही लागेना. एक शिक्षक दुसऱ्याच्या कानात काहीतरी म्हणाले आणि दोघं हसले.

“फिरतेय छान, बाई,” हेडमास्तर घड्याळ बघत म्हणाले. “पण दिव्याचं ठरलं होतं आपलं. असू दे. वय झालं की होतं असं. मुलांनो, बाईंसाठी एकदा टाळ्या, आणि आता आपण आपली पेटी बघू.”

वन्सं खाली बसून वायरशी खटपट करत होत्या. त्या मान वर करेनात. इतक्या वर्षांत मी वन्संवर अगणित वेळा चिडले असेन, पण त्यांची ती खाली गेलेली मान बघून माझं डोकं जे फिरलं ते विचारू नका. मी मैदानाच्या मधोमध गेले. “टाळ्या कसल्या वाजवता?” मी हेडमास्तरांना म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही तेव्हाच कळलं. “पेटीला हार घालता आणि माणसाला घरी बसा म्हणता? पंधरा दिवस मी बाटलीने पोळ्या लाटतेय! माझ्या आईचं लाटणं आहे त्यात, खिळे ठोकून! माझं लोणचं बुरसलं, माझी माळ गेली, माझा टेप गेला. हा दिवा लागेपर्यंत इथून कोणी हलायचं नाही!” हेडमास्तर दोन पावलं मागे सरकले. लाटण्याचं नाव घेऊन चिडलेल्या बाईपुढे कोण उभं राहणार? मुलं तर पेटी विसरून माझ्याकडेच बघत होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, “बाई, त्याचा तोंड उलटा हाय.”

खिचडीवाल्या बाई हातात डाव घेऊन शेडच्या दारात उभ्या होत्या. “वारा त्या डोंगराकडून येते,” त्या डावाने पूर्वेकडे दाखवून म्हणाल्या. “सकाळचा वारा नेमी तिकडूनच येते. तुमी त्याला पाठ दाखवून उभा केला. आमी भात वारवतो तं आदी वारा बघतो, मंग सूप धरतो. नायतं सगळा भूस डोल्यात.”

वन्संनी मान वर केली. त्या बाईंकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं, खडूच्या बाणाकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे ते खारे वारे आणि रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे जाणारे ते मतलई वारे, हे पस्तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेणारी बाई डहाणूच्या गच्चीवरचा चारचा वारा दहाच्या सुमाराला तलासरीत शोधत होती. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना वारा म्हटला की तो समुद्रावरूनच येणार, दुसरीकडून येण्याची त्याची हिंमतच नाही असं वाटतं. वारा मागून लागल्यामुळे पाती उलटी फिरत होती, मोटर उलटी फिरत होती, वीज उलटी येत होती, आणि हा माळेतला दिवा असा नखरेल, की वीज उलटी आली की लागतच नाही. हे सगळं वन्संनी मुलांना तिथल्या तिथे, धापा टाकत, स्वतःची चूक म्हणून समजावून सांगितलं. मग त्यांनी आणि खिचडीवाल्या बाईंनी मिळून खोकं उचललं आणि फिरवलं.

पाती क्षणभर थांबली, आणि दुसऱ्या बाजूने फिरायला लागली. भर उन्हात दिवा कोणाला दिसेना. खिचडीवाल्या बाईंनी डाव माझ्या हातात दिला, खाली बसून दिव्याभोवती दोन्ही तळव्यांचा आडोसा केला, आणि आत डोकावल्या. “लागला,” त्या एवढंच म्हणाल्या. मग मुलांची रांग लागली. एकेकाने त्यांच्या तळव्यांच्या फटीला डोळा लावून तो तांबडा ठिपका बघितला. शेवटी हेडमास्तरांनाही वाकावं लागलं. सगळ्या शाळेसमोर, खिचडीच्या हळदीने पिवळ्या झालेल्या त्या हातांवर डोळा टेकवून ते बराच वेळ वाकून होते. उठले तेव्हा म्हणाले, “बरं बाई. गुरुवार.”

खिचडी वाढून झाल्यावर मी त्या बाईंना भांडी विसळायला हात लावला. इतकं डोकं असलेली बाई, मी सहज विचारलं, “तुम्ही कितवी शिकलात?” त्या हसल्या. “पाचवी. पुरी नाय केली. ह्याच बाई होत्या. तवा नवीन होत्या. त्यांनी सांगितला, उद्या सगल्यांनी टार्चचा बलब, एक सेल न् हातभर वायर घेऊन या. दुकानातना. आमच्याकडं खयचा बलब? बाकीच्यांनी आणला. मी नाय गेली मंग शालंत. बाईंनी काय मारला-बिरला नाय हां. मीच नाय गेली.” हे त्यांनी पातेलं घासता घासता, कालच्या भाजीबद्दल सांगावं तसं सांगितलं. मला मात्र हातातलं ताट खाली ठेवावं लागलं.

परतीच्या बसमध्ये वन्संकडे पवनचक्की नव्हती. ती शाळेतच ठेवून आल्या होत्या, अर्थात लाटण्यासकट, आणि मी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्याचंच त्यांना आश्चर्य वाटलं असावं. डहाणू यायला आलं तेव्हा त्या आपण होऊन म्हणाल्या, “तिने सांगितलं वाटतं तुला.” मी मान हलवली. “तीनदा गेले होते मी तिच्या घरी. तिन्ही वेळा ती मागच्या शेतात लपली. अकरा वर्षांची होती.” मग खिडकीकडे तोंड वळवून म्हणाल्या, “बल्ब घेऊन जायला हवं होतं गं मी. मी हजेरीपट घेऊन गेले.”

इतकी वर्षं मी ज्या कायद्याला शिव्या घालत आले, तो कायदा कुठून आला ते मला त्या बसमध्ये कळलं. मला माझाच राग आला. थर्मास फुटल्याचा हिशेब मी इतकी वर्षं जपून ठेवला, आणि तो का फुटला हे एकदाही विचारलं नाही.

आता दर गुरुवारी वन्सं तलासरीला जातात. खिचडीची भांडी आवरली की त्या बाईही मागच्या बाकावर येऊन बसतात, असं वन्सं सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळा होतो. आमच्या स्वयंपाकघरावरची धाड थांबलेली नाही. परवा बुधवारी माझा चिमटा दिसेना. माझा पारा चढला, मी मसोलीला गेले. वन्सं मागे कपडे वाळत घालत होत्या, आणि उद्याची पिशवी दारातच भरून ठेवलेली होती. मी चिमटा शोधायला पिशवीत हात घातला तर हाताला एक रुमालाची पुरचुंडी लागली. उघडली. आत एक टॉर्चचा बल्ब होता, एक सेल होता आणि हातभर वायर होती. तिन्ही नवीन. दुकानाच्या कागदासकट, विकत आणलेली.

त्यांना पेचात पकडायची अशी संधी मला जन्मात पुन्हा मिळायची नव्हती. मी पुरचुंडी होती तशी बांधली, पिशवीत अगदी तळाशी ठेवली, आणि चिमटाही तिथेच राहू दिला.

“काय गं, काही हवं होतं?” वन्संनी मागून विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “उद्या थंडी असेल सकाळी. शाल घेऊन जा माझी.”